अर्धा उचललेला हात

माझ्या बायकोला मी सगळं सांगायचो. ऑफिसात कोणाशी वाजलं, गुडघा किती दुखतो, कुठल्या सत्काराला जायचा कंटाळा आलाय — सगळं. हे एक सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटचे आठ दिवस मी तिच्या पलंगाशी बसून होतो, बोलायला वेळच वेळ होता — तरी नाही. मुलगी पुण्यात असते, रविवारी फोन करते. तिलाही नाही. आता गारखेड्यातल्या या दोन खोल्यांत मी एकटाच असतो. सांगायला समोर कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नसाल. किंवा ओळखत असाल — मग तर जास्तच अवघड आहे.

ओळखत असाल तर ते सायकलीमुळं. मी रंगनाथ. या शहराला औरंगाबाद म्हणायचे तेव्हाची गोष्ट — ‘सायकलवाला रंगनाथ’ एवढं सांगितलं की रिक्षावाला पत्ता विचारायचा नाही, थेट दारात आणून सोडायचा. न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर माझा फोटो होता, पेपरातून कापून चिकटवलेला. गणपतीत कोणाच्या आरतीला मी आधी जाणार यावरून मंडळांची ओढाताण व्हायची. लग्नांत मला नवरदेवाच्या शेजारी उभं करून फोटो काढायचे. कोणाचं लग्न आहे हे पुष्कळदा मला माहीतही नसायचं. शाळांमध्ये तर — शाळांचं पुढं सांगतो. ते सांगावंच लागेल.

आता ओळखत नाही कोणी. आणि ते बरंच आहे, असं मी म्हणतो. पण ते तरी खरं आहे का? आमच्या इथं रविवारी सकाळी चौकात सायकलवाल्यांचा एक ग्रूप जमतो. डॉक्टर आहेत, कंपनीतले लोक आहेत, चांगल्या भारी सायकली आहेत. मी दूध आणायला निघतो तेव्हा मुद्दाम त्या चौकातून जातो. जवळचा रस्ता दुसरा आहे. कोणीतरी हाक मारेल म्हणून लांबून जातो — ही माझी आजची अवस्था. एकदा एकानं ओळखलं. सगळ्यांना थांबवून म्हणाला, ‘हे कोण आहेत माहितीये का?’ आणि मग त्यानं तीच गोष्ट सांगितली. हाताची गोष्ट. मी दुधाची पिशवी धरून हसत उभा राहिलो.

कुठली गोष्ट? थांबा. आधी कचरूबद्दल सांगितलं पाहिजे.

माझं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. बाप मेंढरं राखायचा. घरी दोन म्हशी होत्या आणि त्यांचं दूध शहरात घालायचं काम माझ्याकडं होतं. काळी दणकट सायकल, मागं दोन्ही बाजूंना कॅन. जाताना भरलेले, येताना रिकामे. शहागंजच्या बाजूला रशीदचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा जवानीत शर्यती मारलेले. त्यांनी एक दिवस मला अडवलं.

“फुलंब्री से कित्ते टाइम में आया रे?”

मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः रस्त्यावर घड्याळ घेऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याखाली शर्यतीची सायकल दिली. हॅन्डल खाली वळलेलं, चाकं बोटाएवढी बारीक. कॅन नसताना सायकल अशी चालते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

कचरू तिथंच भेटला. वैजापूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजला म्हणून शहरात खोली करून राहिलेला. कॉलेजात कमी आणि चाचांच्या दुकानात जास्त. माझ्यापेक्षा वर्षानं लहान. हसला की सगळे दात दिसायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “तू लई पळवतो म्हणं? चल मंग, वेरूळपर्यंत बघू.” वेरूळला पोचेपर्यंत आम्ही मित्र झालो होतो. इतकं साधं होतं ते. माझ्या आयुष्यात परत कधी इतकं साधं काही झालं नाही.

आता सायकलीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शर्यतीत दोघं एकामागं एक चालवतात तेव्हा पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागचा त्याच्या आडोशानं कमी दमात येतो. पण त्यासाठी मागच्यानं पुढच्याच्या चाकाला अगदी चिकटून राहायचं असतं, वीतभर अंतरावर. त्याला समोरचा रस्ता दिसतच नाही. दिसते पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्यानं हात दाखवायचा. खड्डा डावीकडं असला तर डावा हात खाली, उजवीकडं असला तर उजवा. एवढंच. चाचांनी आम्हाला पॅडल मारायला शिकवण्याआधी हे शिकवलं. म्हणायचे, “पीछेवाले की आँख तेरे हाथ में है, मियाँ. याद रख.”

माझा दम मोठा होता. मी तासन् तास वारा कापायचो. कचरूचं बळ शेवटच्या दोनशे मीटरला होतं. तिथं तो माझ्या मागून बाणासारखा सुटायचा. त्यामुळं शर्यत कुठलीही असो — मी आख्खा रस्ता पुढं, आणि शेवटी कचरू पहिला, मी दुसरा. असं ठरलेलं नव्हतं. पण व्हायचं तसंच. तो बक्षिसाचा कप माझ्या हातात द्यायचा आणि लोकांना सांगायचा, “ह्यानं आणलं मला इथवर. मी निसता बसून आलो.” मनापासून म्हणायचा. आणि मला — मला त्याचा राग यायचा का? तेव्हा मी नाही म्हणालो असतो. आता म्हणतो, यायचा. तो चांगला होता याचाच यायचा.

मग ती निवड शर्यत आली. देशाच्या संघासाठी आमच्या भागातून एकालाच घेणार होते. शर्यत मोठ्या वळशानं फिरून वेरूळ, खुलताबाद, दौलताबादच्या घाटानं उतरून शहरात संपणार होती. आदल्या दिवशी चाचांच्या दुकानात कचरू माझ्या चाकाच्या तारा कसत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “उद्या तू मागं राहा. म्या वारा घेतो.” मी म्हणालो, “कशाला?” तर म्हणाला, “आरं, दर बारीला तूच का?”

मी ऐकलं नाही. हे लक्षात ठेवा — त्यानं आपली मागची जागा देऊ केली होती, मी नाही म्हणालो. त्याची मेहरबानी नको होती मला. आपल्या पायांवर जिंकायचं होतं. पुढं जे केलं ते केल्यावर हे वाक्य लिहायलाही तोंड नाही, पण तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

घाट उतरून आलो तेव्हा बाकीचे सगळे मागं पडले होते. आम्ही दोघंच. मी पुढं, तो मागं. त्याच्या चाकाचा बारीक आवाज माझ्या पाठीशी सारखा येत होता. मला माहीत होतं की आता शहर येणार, नाका येणार, शेवटचा सरळ रस्ता येणार आणि तो बाजूनं निघून जाणार. माझ्या मांड्या फुटायला आल्या होत्या आणि तो ताजा होता. माझ्याच आडोशानं ताजा राहिला होता.

उतार होता. वेग भरपूर. आणि मला खड्डा दिसला.

उजव्या बाजूला, डांबर तुटून आत खचलेलं. खोल, काठ धारदार. लांबून दिसला मला, चांगला लांबून. उन्हं तिरपी होती, खड्ड्याची सावली काळीशार पडली होती. दिसला नाही असं म्हणायला जागाच नव्हती. माझा उजवा हात हॅन्डलवरून उचलला गेला — सवयीनंच, न सांगता. अर्धा आला.

आणि मी तो परत ठेवला.

असंच झालं. घसरला नाही, विसरलो नाही, वेळ कमी पडला नाही. ठेवला. शेवटच्या क्षणी मी सायकल डावीकडं झुकवली आणि खड्ड्याच्या कडेनं निघून गेलो.

मला वाटलं होतं त्याचा टायर फुटेल. तेवढंच. टायर फुटेल, तो थांबेल, मी जाईन. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो — टायरच फुटायला हवा होता. पण त्या वेगाला, त्या उतारावर, तसल्या खड्ड्यात टायर फुटल्यावर माणसाचं काय होतं हे मला माहीत नव्हतं का? मी काय आता नुसता दूध घालणारा पोरगा होतो? मला सगळं माहीत होतं.

आवाज आला. आधी लोखंडाचा. मग दुसरा, तो कशाचा ते मी सांगणार नाही. मी मागं वळून बघितलं नाही. माझ्या पाठीशी चाकाचा आवाज नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्यावर एकटा होतो.

मी जिंकलो. दुसरा यायला इतका वेळ लागला की तोवर माझ्या गळ्यात तीन हार पडले होते.

इथवर सांगून थांबलो असतो तर कदाचित तुम्ही म्हणाला असता — कोवळं वय होतं, क्षणाची गोष्ट होती. म्हणून पुढचं सांगतो. ते क्षणाचं नाही.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं. एक पत्रकार पुढं घुसला. म्हणाला, कचरूचं काय झालं? तुम्ही पुढं होता ना? आणि मी — धापा टाकत, गळ्यात हार, घाम पुसत — म्हणालो, “मी हात दाखवला होता. ओरडलोसुद्धा. त्याची मान खाली होती.”

कोणी मला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. ‘खड्डा दिसला नाही’ म्हणालो असतो तरी चाललं असतं, कोणी फाशी दिली नसती. पण मला चूक माझ्याकडं यायलाच नको होती, एवढीशी पण. म्हणून ती त्याच्या अंगावर टाकली. तो बेशुद्ध होता.

सकाळी पेपरात माझा फोटो होता आणि खाली ते वाक्य.

कचरूचा खुबा मोडला होता. डोक्याला मार होता. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला, तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हतं — सकाळी चहा प्यालो एवढं आठवत होतं, पुढचा सगळा दिवस कोरा. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचे वडील उशाशी बसले होते. त्यांनी त्याला पेपर वाचून दाखवला होता. मला बघून ते उठले, मला जागा दिली आणि पोराकडं बघत म्हणाले, “रंगनाथनं वरडून सांगितलं तरी ह्याचं ध्यान नाय. कुठं व्हतं रं तुझं ध्यान?”

कचरूचे डोळे भरून आले. माझा हात धरून तो म्हणाला, “रंग्या, तुझ्या जिंकण्याचा इचका केला म्या. लोकं तुझं कवतिक करायचं सोडून माझ्या मागं पळाले आसतील. माफ कर गड्या.”

मी काय केलं? त्याचा हात दाबला. म्हणालो, “तू बरा हो आधी.”

तो बरा झाला, पण एक पाय आखूड राहिला. ठरलेलं लग्न मोडलं. कॉलेज सुटलं. तो वैजापूरला परत गेला आणि मार्केट यार्डात तोलाईच्या कामाला लागला. शेतकऱ्यांचा कांदा, मका, बाजरी काट्यावर घालायची, वजन सांगायचं. उभं राहायचं काम जमत नव्हतं, म्हणून काट्याशेजारी त्याच्यासाठी एक लोखंडी स्टूल ठेवलं होतं.

रशीदचाचा मात्र त्या आठवड्यात एकटेच सायकलवर जाऊन तो खड्डा बघून आले होते. मी दुकानात गेलो तेव्हा ते हात पुसत बसले होते. म्हणाले, “गड्ढा तो दूर से दिखता रे.” मी म्हणालो, “हो चाचा. म्हणून तर हात दाखवला.” ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “कचरू ने तेरे हाथ पर से नज़र कब हटाई, रंगनाथ?” मी सायकल घेऊन निघालो. त्यांनी परत विचारलं नाही. नंतर माझ्या सत्कारांना सगळं शहर यायचं, चाचा आले नाहीत. दुकानावरून गेलो तर मान हलवायचे, चहा सांगायचे नाहीत. चाचा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

मी संघात गेलो. परदेशात गेलो, पदकं आणली. खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली. आणि लोकांचं प्रेम — खोटं कशाला बोलू, ते प्रेम मला लई आवडायचं. शाळा बोलवायच्या. ओळीत बसलेली मुलं, टाळ्या, पुष्पगुच्छ. भाषणात काय बोलायचं हा प्रश्न होता, कारण सायकलीबद्दल बोलण्यासारखं फार नसतं, पॅडल मारायचं असतं. मग एकदा मी ती गोष्ट सांगितली. मुलं श्वास रोखून बसली. मुख्याध्यापक नंतर म्हणाले, काय सुंदर शिकवण आहे हो. तेव्हापासून दर भाषणात तीच. ‘मी हात दाखवत होतो, मित्राची नजर खाली होती. मुलांनो, नजर नेहमी पुढं ठेवा.’ हळूहळू मी ती सजवली. आधी एकदा ओरडलो होतो, मग तीनदा ओरडलो. मग मी थांबलो, मागं वळलो आणि रडत रडत शर्यत पुरी केली. सांगताना माझा गळा दाटून यायचा. खरंच दाटून यायचा — याला काय म्हणाल?

वैजापूरच्या एका शाळेनं बोलावलं तेव्हा मी जायला नको होतं. गेलो. गोष्ट सांगून झाली आणि सरांनी माईक घेतला — योगायोग असा की ते मित्र आज आपल्यात आहेत! कचरू मागच्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघायला आला होता. त्याला स्टेजवर बोलावलं. काठी टेकत तीन पायऱ्या चढायला त्याला वेळ लागला. मुलं बघत होती. त्यानं माईकला हात लावला आणि सगळे दात दाखवत हसला. म्हणाला, “बघा पोरांनो, म्या खाली बघत व्हतो. तुम्ही नका बघू.”

सगळी शाळा हसली. मीही हसलो. टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी तो मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याची बायको हिराबाई — उशिरा लग्न झालं होतं त्याचं — मला वाढत होती. मुलगी मनीषा लहान होती. तिनं माझ्यासमोर एक वही आणून ठेवली. त्यात माझी पेपरातली कात्रणं चिकटवली होती, पहिल्यापासूनची. ते वाक्य छापलेलं कात्रणसुद्धा. कचरू पानं उलटत म्हणाला, “एक बी सोडलं नाय.” हिराबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचा घास न चावताच गिळला. त्या मला नीट बोलायच्या, मान द्यायच्या, पण त्या घरात मला कधी परत या म्हणायच्या नाहीत. म्हणायचा तो कचरू.

पुढं मी जाणं टाळलं. शर्यती संपल्या, सत्कार कमी झाले, नोकरी संपली. न्हाव्याच्या दुकानात नवा मालक आला, त्यानं भिंती रंगवल्या. कचरूचा मात्र माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन यायचा. “काय रं, चालवतो का आजून?” मी म्हणायचो, गुडघे गेले. तो म्हणायचा, “माझा पाय गेला तर तुझे गुडघे गेले. जोडी जमली.” आणि हसायचा. शेवटी शेवटी तो दर आठवड्याला करायला लागला; मुलीचा रविवारचा फोन सोडला तर माझ्याशी बोलणारा तोच एक आवाज होता. मी फोनची वाट बघायचो. ज्याला मी रस्त्यावर पाडलं त्याच्या फोनची.

मागच्या वर्षी तो यार्डातच स्टुलावर बसल्या बसल्या गेला. हार्ट अटॅक. मनीषानं कळवलं. अंत्यविधीला मी पोचू शकलो नाही असं सांगितलं. खरं म्हणजे निघालोच नाही. तेराव्यानंतर, सगळे पाहुणे गेल्यावर, दुपारच्या बसनं गेलो.

हिराबाई एकट्याच होत्या. मनीषा तिच्या शाळेत गेली होती, ती आता शिकवते. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला, समोर जमिनीवर बसल्या. कचरूच्या फोटोला हार होता. मग त्या म्हणाल्या, “भाऊजी, एक इचारू का? राग नका मानू.”

“विचारा वहिनी.”

“इतके वर्षं मनात हाय. ह्यांच्यापशी एकदाच बोलले, तर ह्यांनी दोन दिस अबोला धरला. म्हणले, रंग्याबद्दल आसं तोंडातून काढायचं नाय.” त्या पदरानं हात पुसत राहिल्या. “ह्या माणसानं जल्मभर काट्यावरची नजर हलवली नाय. यार्डात लोकं म्हणायचे, कचरूभाऊंच्या काट्यावर डोळे झाकून माल घाला. मंग त्या दिवशीच खाली कसं बघितलं आसंल? जायच्या आधी आठ-पंधरा दिवस लई बोलायचे त्याच्यावरच. म्हणायचे, म्या मान खाली का घातली आसंल, काय बघत व्हतो म्या? आठवतच नाय म्हणायचे. लहान लेकरावानी इचारायचे मला. म्या काय सांगू? म्हणून इचारते — तुम्ही खरंच हात दाखवला व्हता का?”

घरात आम्ही दोघंच होतो. पेपरवाला नव्हता, शाळा नव्हती, टाळ्या नव्हत्या. माझं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. नोकरी संपलेली, नाव पुसलेलं, बायको गेलेली. ती बाई मला काही करणार नव्हती. तिला फक्त एक शब्द हवा होता. आणि तो ‘नाही’ असता, तर तिचा नवरा तिला परत मिळाला असता — निदान जसा होता तसा.

मी म्हणालो, “व्हय वहिनी. दाखवला होता.”

त्यांनी डोळे मिटले. एक मोठा श्वास सोडला. मग पुढं वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. वयानं मी मोठा, पण आजवर त्यांनी कधी लावला नव्हता. म्हणाल्या, “माफ करा भाऊजी. इतके वर्षं तुमच्याबद्दल मनात पाप धरलं म्या. देवासारख्या माणसावर संशय घेतला. ह्यांचंच चुकलं. आता मन मोकळं झालं.”

आणि मी काय म्हणालो, माहीत आहे?

मी म्हणालो, “राहू द्या वहिनी. असू द्या. माझ्या मनात काही नाही.”

मोठ्या मनानं म्हणालो. मी तिला माफ केलं.

त्या मला बसपर्यंत सोडायला आल्या, पहिल्यांदाच. पिशवीत कुरडया घालून दिल्या. “येत जा,” म्हणाल्या, “आता घर परकं समजू नका.” बस निघेपर्यंत उन्हात उभ्या होत्या. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो. जेवलात का विचारतात. एकटं वाटतं का विचारतात.

हे लिहायला मला आठ महिने लागले. तोंडानं सांगायला जायचं म्हणून दोनदा बस स्टँडवर गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा जाणार नाही. मी मला ओळखतो. म्हणून या कागदांची एक प्रत पाकिटात घातली आहे, वर वैजापूरचा पत्ता लिहिला आहे, आणि उद्या सकाळी टपालात टाकणार आहे. त्या समोर नसताना कळवतोय, हाही भ्याडपणाच आहे. तो आहे तसा लिहून ठेवतो.

हिराबाईंना अक्षर नीट लागत नाही. मनीषा वाचून दाखवेल. इथवर आल्यावर तिचा आवाज कसा होईल, मला माहीत नाही. तरी वाच, मनीषा. तुझ्या वडलांनी त्या दिवशी मान खाली घातली नव्हती. ते पुढंच बघत होते — माझ्या हाताकडं.